घाम फुटणे : भय आणि स्वेद यांच्या संबंधाचा इतिहास

उन्हात नांगर धरणाऱ्याला घाम येतो आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्यालाही घाम येतो. शरीरातून बाहेर पडणारे पाणी दोन्ही ठिकाणी एकच असले, तरी मराठी भाषेने या दोन प्रसंगांत भेद केला आहे. पहिला मनुष्य घाम 'गाळतो', दुसऱ्याला घाम 'फुटतो'. हा भेद केवळ शब्दांच्या निवडीचा नाही. तो वाक्यरचनेपर्यंत गेलेला आहे. 'त्याने घाम गाळला' या वाक्यात कर्ता तृतीयेत आहे, क्रिया त्याच्या इच्छेने घडली आहे आणि तिचे श्रेय त्याला मिळावयाचे आहे. 'त्याला घाम फुटला' या वाक्यात मनुष्य चतुर्थीत जाऊन बसतो. तो कर्ता राहत नाही, त्याच्यावर काहीतरी ओढवते. भूक लागणे, झोप येणे, आठवण होणे, रडू कोसळणे या अनुभवांच्या पंक्तीत भयाचा घाम मोडतो.

प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा घाम आहे. चिंता, भय, लज्जा यांनी घाम येतो ही गोष्ट आपल्याकडे फार प्राचीन काळापासून ज्ञात होती. वैद्यांनी तिची नोंद केली, नाट्यशास्त्रकारांनी तिला शास्त्रात स्थान दिले आणि धर्मशास्त्रकारांनी तिचा उपयोग माणसाचा अपराध ओळखण्यासाठी केला. यांतील शेवटचा उपयोग सर्वांत धोक्याचा होय, आणि आधुनिक काळातही तो संपलेला नाही, म्हणून या इतिहासाकडे पुन्हा पाहण्याचे प्रयोजन आहे. या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मावळात, लोणावळ्यास लिहिला गेला. त्याकडे यथावकाश येऊ.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. 'घाम' हा शब्द संस्कृत 'घर्म' यापासून प्राकृत 'घम्म' या द्वारे आलेला आहे. 'घर्म' याचा मूळ अर्थ उष्णता. वैदिक यज्ञातील प्रवर्ग्यविधीत तापविलेल्या पात्राला आणि त्यातील दुधाला हेच नाव आहे. ग्रीक 'थेर्मोस', लॅटिन 'फॉर्मुस', फारसी 'गर्म' हे त्याचे सगोत्र शब्द होत. म्हणजे मराठीत फारसीतून आलेला 'गरम' आणि संस्कृतातून उतरलेला 'घाम' हे चुलत भाऊ ठरतात, याची आपल्याला रोजच्या बोलण्यात जाणीवही नसते. नेपाळीत आणि अवधी-भोजपुरीत 'घाम' म्हणजे अजूनही ऊन. मराठीत व बंगालीत मात्र तो उन्हापासून निघून उन्हाच्या परिणामावर येऊन स्थिरावला. दुसरा शब्द 'स्वेद'. त्याचे नाते लॅटिन 'सुडोर' आणि इंग्रजी 'स्वेट' यांच्याशी आहे. उपसर्ग लागून तो गुजरातीत 'परसेवो' आणि हिंदीत 'पसीना' या रूपांनी घरोघर वावरतो. मराठीत तो वैद्यकाच्या आणि काव्याच्या ग्रंथांत राहिला.

यातून एक मौज निर्माण झाली आहे. भयाचा घाम येतो तेव्हा कातडी थंड असते. हातपाय गार पडतात आणि कपाळावर थेंब उभे राहतात. अशा वेळी मराठी मनुष्य ज्या शब्दाने ही स्थिती सांगतो, त्याचा मूळ अर्थ मात्र 'ऊब' आहे. शब्दाने सांगितलेले कारण खोटे पडते, आणि ती उणीव क्रियापदाने भरून काढली जाते. 'फुटणे' हे क्रियापद मराठीत कशाकशाशी जाते ते पाहावे : पाझर फुटतो, पान्हा फुटतो, पालवी फुटते, कंठ फुटतो, वाचा फुटते. आत साठलेले जे आपले आपण, दाबून न दबता, बाहेर येते त्याला ते लागते. 'सुटणे' याची गोष्टही अशीच. कंप सुटतो, तोंडाला पाणी सुटते, धीर सुटतो. मावळात सोमाटणे, तळेगाव दाभाडे, शिरगाव या पट्ट्यात बोलीच्या नोंदी घेताना मला 'घाम सुटणे' हा प्रयोग भयाच्या आणि आजाराच्या संदर्भात वारंवार ऐकू आला. सोमाटण्याच्या एका वृद्ध शेतकरी बाईंना मी मुद्दाम विचारले की, भाताच्या आवणीत वाकून वाकून घाम सुटतो की नाही? त्या म्हणाल्या, "त्यो सुटत न्हाई, त्यो येतो. सुटतो त्यो कोरटात." एका उत्तरावरून सिद्धान्त मांडणे योग्य नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. तरीही त्या बाईंनी येथे जो भेद केला तो चरकाच्या भेदाशी जुळतो, एवढे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय स्वेदनाचा आहे. रोग्याला घाम आणण्याचे अनेक प्रकार सांगून झाल्यावर तेथे अग्नीवाचून घाम आणणाऱ्या दहा गोष्टी मोजल्या आहेत. व्यायाम, उबदार घर, जड पांघरूण, भूक, पुष्कळ मद्यपान, पोटीस, युद्ध, ऊन यांच्या बरोबरीने त्यांत क्रोध आणि भय यांची गणना आहे. या यादीकडे आपण सहज पाहून पुढे जातो, परंतु तिच्यामागील निरीक्षण साधे नाही. घामाला उष्णता लागतेच असे नाही, मनाची एक अवस्थाही तेच कार्य करते, हे येथे गृहीत धरले आहे. विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात तर याहून नेमके विधान आहे. स्वेद वाहणाऱ्या स्रोतसांचे मूळ मेद आणि रोमकूप असून, ती बिघडली म्हणजे घाम मुळीच न येणे किंवा अतिशय येणे, त्वचा खरखरीत अथवा फार गुळगुळीत होणे, दाह, रोमांच ही लक्षणे दिसतात असे सांगून, बिघाडाच्या कारणांत अतिव्यायाम व अतिसंताप यांच्याबरोबर क्रोध, शोक आणि भय यांचा निर्देश केला आहे. मेद हे स्वेदाचे मूळ ही कल्पना आज टिकणारी नाही. मात्र अतिस्वेद हा एक विकार आहे आणि त्याच्या कारणांत मनाचा समावेश करावयास हवा, हे विधान आजच्या वैद्याला परके वाटणार नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात स्वेद हा आठ सात्त्विक भावांपैकी एक होय. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असा तो परिचित संच आहे. स्वेदाची कारणे सांगताना क्रोध, भय, हर्ष, लज्जा, दुःख, श्रम, रोग, ताप अशी लांब मालिका येते. तिच्यात लज्जेला जागा मिळाली आहे, हे विशेष. चारचौघांत उभे राहण्याच्या संकोचाने येणारा घाम हा भयाच्या घामाहून किंचित निराळा, आणि आज ज्याला सामाजिक चिंता म्हणतात तिच्या अगदी जवळचा. पुढे प्रश्न असा उभा राहतो की, हे भाव नटाने दाखवावयाचे कसे? हात उचलता येतो, भुवई चढवता येते, पण घाम कसा आणावा? भरताचे उत्तर दुहेरी आहे. एकीकडे तो म्हणतो की सत्त्व हे एकाग्र मनातून उपजते, अन्य मनस्क मनुष्याला ते साधत नाही. दुसरीकडे तो व्यवहार ओळखून असल्यामुळे पंखा हाती घेणे, घाम पुसणे, वाऱ्याची इच्छा दाखवणे असे सोपे मार्गही सांगून ठेवतो. एका दृष्टीने सर्व प्रश्नाचे बीज येथेच आहे. स्वेद इच्छेच्या ताब्यात नाही, म्हणून तो खरा मानला जातो. पण मन पुरेसे एकाग्र झाले तर तोही साधतो असे शास्त्र सुचविते. मग तो खरेपणाची खूण उरतो काय?

मराठी वाङ्मयातील एकच दाखला देतो. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहणाऱ्या अर्जुनाच्या अंगी सात्त्विक भाव दाटून येतात, तेव्हा त्याच्या घर्मबिंदूंना दिलेली उपमा चंद्रकिरणांनी पाझरणाऱ्या सोमकांत मण्याची आहे. सूर्याची, अग्नीची, श्रमाची उपमा सहज सुचली असती. ज्ञानदेवांनी थंड प्रकाशाने पाझरणारा थंड दगड निवडला. सतराव्या-अठराव्या शतकांत किंवा आजही याहून अचूक वर्णन कोणी केले असेल असे मला वाटत नाही. याउलट गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या विषादाची जी शारीर लक्षणे आहेत, त्यांत तोंड कोरडे पडणे, कंप, रोमांच, त्वचेचा दाह आहे, गांडीव हातातून निसटणे आहे. स्वेदाचा शब्द मात्र नाही. तळहात ओले झाले म्हणूनच धनुष्य निसटले असा अर्थ काढण्याचा मोह होतो, पण ग्रंथात जे नाही ते त्यात घालू नये.

आता धर्मशास्त्राकडे वळावयाचे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाने स्वतःचे रक्षण कसे करावे या प्रकरणात, विष घालणारा कसा ओळखावा हे सांगितले आहे. त्याचे तोंड सुकलेले व काळवंडलेले असते, वाणी अडखळते, त्याला घाम येतो, जांभया येतात, तो थरथरतो, ठेचकाळतो, इकडेतिकडे पाहतो, एका जागी ठरत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात हीच दृष्टी न्यायसभेत आणली आहे. जो एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतो, ओठांचे कोपरे चाटतो, ज्याच्या कपाळाला घाम येतो, ज्याच्या मुखाचा रंग पालटतो, बोलणे अडखळते, तो वादी असो वा साक्षीदार, दुष्ट समजावा असा तेथील आशय आहे.

चोरीच्या संशयावरून दिल्या जाणाऱ्या तंडुलदिव्याचे मूळही याच विचारात सापडते. देवतेच्या स्नानजलात भिजवलेले तांदूळ संशयिताने चावून थुंकावयाचे. त्यांत रक्त दिसले, जबडा वा टाळू सोलवटला, अंगाला कंप सुटला, तर तो दोषी. भयाने लाळ आटते हे ज्ञान या दिव्याच्या पाठीशी उभे आहे. कोरड्या तोंडात कोरडा तांदूळ टोचणारच. मराठेशाहीतील दिव्यांचे स्वरूप निराळे होते. कढत तेला-तुपातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य वतनाच्या भांडणांत प्रसिद्ध आहे. हात धुऊन, नखे काढून, दिव्यानंतर हातावर पिशवी चढवून तिला मोहोर करावयाची आणि तिसरे दिवशी गोताच्या समक्ष ती उघडावयाची. डॉ. विठ्ठल त्र्यंबक गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील प्रबंधात, जो १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला, या पद्धतीचा साक्षेपी परामर्श घेतलेला आहे. रवादिव्यात पाहावयाचे ते भाजल्याचे व्रण, भयाची लक्षणे नव्हेत. तरीही ज्याची वृत्ती मुळातच भित्री, तो निर्दोष असूनही कढईसमोर येण्याआधीच दावा सोडून देई, ही शक्यता कोणत्याही कागदावर उमटत नाही. मावळात भयाचा इतिहास म्हटला की १७७९ च्या जानेवारीतील वडगावचे युद्ध आणि तळेगावाहून रात्री मागे फिरलेले कंपनीचे सैन्य आठवते. सैन्याचे भय इतिहासात नोंदले जाते. एकट्या माणसाच्या तळहातावरील घामाची नोंद ठेवणारा कारकून सहसा नसतो.

आणि म्हणूनच विज्ञानेश्वराचे महत्त्व. कल्याणीच्या चालुक्यांच्या, म्हणजे सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६-११२६) कारकिर्दीत त्याने याज्ञवल्क्यावर मिताक्षरा लिहिली. पुढे महाराष्ट्रातील व्यवहारनिर्णयात हा ग्रंथ सर्वमान्य झाला. कपाळावर घाम येणाऱ्यास दुष्ट ठरवणाऱ्या त्या श्लोकांवर भाष्य करताना विज्ञानेश्वर एक छोटीशी सूचना जोडतो. ही लक्षणे दोषाची केवळ संभावना दाखवतात, दोषाचा निश्चय करण्यास ती पुरेशी नाहीत. कारण कोणता विकार त्या मनुष्याच्या स्वभावातच आहे आणि कोणता त्या प्रसंगाने उत्पन्न झाला, यांचा विवेक करणे दुष्कर आहे. मूळ स्मृतीचा शब्द न मोडता तिची धार बोथट करण्याची ही टीकाकाराची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. एखाद्याला घाम मुळातच फार येत असेल, ही शक्यता त्याने मान्य केली. जवळजवळ नऊशे वर्षांनंतर प्रयोगशाळांतून याच प्रश्नाचे उत्तर शोधले गेले, ते कसे ते आता पाहू.

पाश्चात्त्य शास्त्रात डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावरील आपल्या ग्रंथात भयाच्या घामाविषयी आश्चर्य व्यक्त केले होते. त्वचा थंड असताना घाम यावा याचे त्याला नवल वाटले. १८८८ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल फेरे याने आणि १८९० मध्ये रशियात तार्खानोव्ह याने असे दाखविले की भावना जागृत झाल्या म्हणजे त्वचेच्या विद्युत्-गुणांत मोजता येईल असा फरक पडतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झुरिच येथे युंगने याचा उपयोग शब्दसाहचर्याच्या प्रयोगांत केला. एक शब्द उच्चारावयाचा, आणि ऐकणाऱ्याच्या तळहाताला जोडलेल्या यंत्राची सुई हलते की नाही ते पाहावयाचे. अर्थविचार शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांनी या प्रयोगांकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिले नाही, अशी माझी तक्रार आहे. १९१५ मध्ये वॉल्टर कॅननने भय व क्रोध यांच्या वेळी शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी कसे सिद्ध होते हे मांडले. या सिद्धतेचे वहन करणाऱ्या मज्जासंस्थेच्या भागास अनुकंपी मज्जासंस्था म्हणतात. घर्मग्रंथींना जाणारे तंतू याच संस्थेचे. परंतु त्यांच्या टोकाशी इतरत्र आढळणाऱ्या द्रव्याऐवजी अॅसिटिलकोलिन हे द्रव्य स्रवते, असे डेल व फेल्डबर्ग यांनी १९३४ मध्ये मांजराच्या पंजावर प्रयोग करून सिद्ध केले. याच सुमारास जपानी शरीरशास्त्रज्ञ यास कुनो यांचे संशोधन पुढे आले. त्यांनी उष्णतेचा घाम आणि मनाचा घाम यांची स्पष्ट फारकत केली. मनुष्याच्या अंगावर सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात आणि त्या सर्वांत दाट तळहात व तळपाय येथे असतात. तरीही उकाड्यात तळहात फारसे ओले होत नाहीत. ते ओले होतात ते परीक्षेच्या दालनात, आणि तत्काळ होतात. कपाळ व काखा मात्र दोन्ही कारणांनी पाझरतात. म्हणजे याज्ञवल्क्याने पाहण्यास सांगितलेले कपाळ हे साक्षीदाराच्या दृष्टीने सर्वांत गैरसोयीचे स्थान! तेथे वैशाखाचा घाम आणि भयाचा घाम वेगळा ओळखता येत नाही. तळहातास घाम का यावा याचे एक स्पष्टीकरण असे देतात की किंचित ओलाव्याने पकड घट्ट होते. ओलावा फार झाला की तीच पकड सुटते.

येथून आपण लोणावळ्यास येतो. सोमाटण्याहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पश्चिमेस गेले म्हणजे घाटमाथ्यावर हे गाव लागते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६), यांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम यंत्राने मोजावेत, अनुभव आणि श्रद्धा यांवर विसंबून राहू नये, हा त्यांचा आग्रह होता. बडोद्यास असतानाच त्यांनी उड्डियान व नौली यांच्या वेळी पोटातील दाबाचे आणि क्ष-किरणांचे प्रयोग आरंभिले होते. स्वेदाच्या दृष्टीने हठयोगाचे साहित्य महत्त्वाचे आहे. हठप्रदीपिकेत प्राणायामाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. कनिष्ठात घाम येतो, मध्यमात कंप होतो, उत्तमात स्थिरता लाभते. श्रमाने आलेला तो घाम पुसून न टाकता अंगात चोळावा असेही तेथे सांगितले आहे. भरताच्या यादीतील स्वेद आणि वेपथु हेच दोन भाव येथे साधनेचे टप्पे झाले आहेत, आणि भयग्रस्ताची लक्षणे साधकाच्या मार्गातील खुणा झाल्या आहेत. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती स्वामी दिगंबरजी आणि रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादिली असून ती १९७० साली याच संस्थेने प्रसिद्ध केली.

१९५७ साली अमेरिकेतून एम. ए. वेंगर व बी. के. बागची हे दोन संशोधक हिंदुस्थानात आले. वेंगर कॅलिफोर्निया विद्यापीठाचे आणि बागची मिशिगन विद्यापीठाचे. विद्युत्-लेखनाची साधने बरोबर घेऊन ते ठिकठिकाणी फिरले आणि लोणावळ्यासही त्यांनी कैवल्यधामातील अभ्यासकांवर मापने केली. हृदयाचे ठोके, श्वसन, बोटांचे तापमान, रक्तदाब यांबरोबर तळहाताच्या घामाचे मापन त्यांच्या कार्यक्रमात होते. कातडीतून वीज किती सहज वाहते हे पाहून ते घामाचे अनुमान करीत; ओली त्वचा विजेला कमी विरोध करते. त्यांच्या हृदयविषयक निष्कर्षांची चर्चा अधिक झाली. हृदय थांबवितो असे म्हणणाऱ्या योग्यांचे हृदय थांबत नव्हते, छातीतील दाब वाढल्यामुळे नाडी व ध्वनी तेवढे लुप्त होत होते, हे १९६१ मध्ये आनंद यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखविले. स्वेदाबाबतचे त्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, आणि म्हणूनच ते विश्वसनीय वाटतात. काही साधकांत ध्यानकाळी तळहाताचा विद्युत्-विरोध वाढलेला, म्हणजे घाम ओसरलेला आढळला. अन्य काहींत ध्यानात तो उलट वाढला. यावरून ध्यान ही निव्वळ विश्रांतीची अवस्था नसून एक सक्रिय अवस्थाही असू शकते, असे मत त्यांनी मांडले. योगाभ्यासाने भयाचा घाम हमखास जातो, असे सांगणाऱ्या आजच्या जाहिरातींनी हा पूर्वेतिहास वाचलेला दिसत नाही.

त्यांच्या टिपणांतील सर्वांत लक्षणीय व्यक्ती म्हणजे कपाळावर इच्छेने घाम आणणारा एक योगी. दीड मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंतच्या अवधीत तो हे करी. डोंगरातील गुहेत हिवाळे काढताना, थंडी सोसण्यासाठी, आपण अतिउष्ण स्थळी आहोत अशी कल्पना करण्याचा उपदेश त्याला गुरूने केला होता आणि काही महिन्यांच्या अभ्यासाने त्याला ती सिद्धी लाभली होती. एकाग्र मनातून सत्त्व उपजते असे भरताने म्हटले होते, त्याचे हे जिवंत उदाहरण होय. मराठी व्याकरणापुढे मात्र हा योगी अडचण निर्माण करतो. त्याच्याविषयी काय म्हणावे? 'त्याला घाम फुटला' हे खोटे, कारण क्रिया त्याची होती. 'त्याने घाम गाळला' हेही खोटे, कारण श्रम नव्हते. 'परीक्षकाने विद्यार्थ्याला घाम फोडला' असे प्रयोजक रूप आपण वापरतो, परंतु 'मी स्वतःला घाम फोडला' असे कोणी म्हणत नाही. भाषेने ज्या क्रियेसाठी कर्त्याची जागाच ठेवलेली नाही, अशी क्रिया तो मनुष्य करीत होता.

असे योगी विरळा. बहुसंख्य माणसांची स्थिती याच्या उलट असते. त्यांना घाम नको असतो आणि तो थांबत नाही. ज्यास आज प्राथमिक अतिस्वेद म्हणतात तो विकार बहुधा बालपणी वा पौगंडावस्थेत सुरू होतो, तळहात, तळपाय, काखा या ठिकाणी दोन्ही बाजूंस सारखा दिसतो, अनेकदा कुटुंबात चालत आलेला असतो आणि झोपेत सहसा थांबतो. याचे मूळ चिंता हे नव्हे. घर्मग्रंथीही सामान्य असतात, त्यांना मिळणारे मज्जासंदेश अधिक तीव्र असतात. चिंतेचा संबंध नाही असे मात्र नाही. हात ओला होईल या धास्तीने तो अधिक ओला होतो, आणि ओला झाला की धास्ती वाढते. उत्तरपत्रिकेवरील शाई पसरते, हस्तांदोलन टाळले जाते, मुलाखतीत रुमाल हातातून सुटत नाही. तोंडी परीक्षेच्या वेळी समोर बसलेल्या विद्यार्थ्याचे तळहात पाहून त्याच्या तयारीविषयी मत बनविणारे परीक्षक मी पाहिले आहेत. ते नकळत याज्ञवल्क्याचे अनुयायी असतात, विज्ञानेश्वराचे नव्हेत. उपचार आहेत. अॅल्युमिनिअम क्लोराइडची लेपने, सौम्य विद्युत्-प्रवाहाचे पाण्यातील उपचार, अॅसिटिलकोलिनचा परिणाम अडवणारी औषधे, बोटुलिनम द्रव्याची टोचणी (काखेतील अतिस्वेदासाठी अमेरिकेत तिला २००४ साली मान्यता मिळाली), आणि क्वचित अनुकंपी मज्जातंतू छेदण्याची शस्त्रक्रिया. शेवटच्या उपायानंतर हात कोरडे होतात, पण पाठ व पोट यांवर भरपाईचा घाम येऊ लागतो, ही तक्रार सर्वश्रुत आहे. चिंता हेच मुख्य कारण असेल तेथे चिंतेवरील उपचार करावे लागतात.

न्यायासनासमोरील घामाचा प्रश्न विसाव्या शतकात यंत्रावर सोपविण्याचा प्रयत्न झाला. बर्कली येथील पोलीस दलात जॉन लार्सन याने १९२१ मध्ये रक्तदाब व श्वसन नोंदविणारे असत्यशोधक यंत्र वापरात आणले. पुढे लिओनार्ड कीलरच्या हातून त्यात त्वचेच्या विद्युत्-प्रतिसादाचीही भर पडली. पंख्याने वाळवता येणारे कपाळ सोडून यंत्राने बोटे पकडली, एवढाच काय तो फरक. सुई हलते ती असत्याने की भयाने, हे यंत्र सांगू शकत नाही. भारतात साक्षीदाराच्या आविर्भावाविषयी शेरा नोंदविण्याची तरतूद १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३६३ व्या कलमात होती व १९७३ च्या संहितेत ती २८० व्या कलमात आली. यंत्राबाबतचा निर्णय मात्र उशिरा झाला. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की संमतीवाचून अशी चाचणी घेणे हे संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदातील, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याच्या हक्काचा भंग होय; संमतीने घेतली तरी चाचणीचे निष्कर्ष स्वतः पुरावा म्हणून ग्राह्य नाहीत. वडगाव मावळच्या न्यायालयात आज एखादा गरीब कूळ कपाळ पुसत उभा राहिला, तर त्याच्या बाजूस हा निर्णय आहे आणि नऊशे वर्षांमागची मिताक्षरेतील ती दोन वाक्येही आहेत.

भाषेच्या अभ्यासकास येथे एक लहानसे काम उरते. अतिस्वेद हा पारिभाषिक शब्द वैद्यकाच्या पुस्तकांत रूढ झाला आहे, परंतु रोगी तो शब्द घेऊन दवाखान्यात येत नाही. मावळातील रोगी म्हणतो, 'हाताला पाणी सुटतंय', 'अंगाला दरदरून घाम फुटतो', 'रात्री हंथरूण भिजतं'. या तिन्हींचा अर्थ एक नाही. पहिल्यात तळहाताचा विकार असण्याचा संभव अधिक. दुसऱ्यात धडधड, कंप यांची चौकशी हवी. चिंतेचा झटका, साखर अकस्मात उतरणे, गलग्रंथीचा अतिरेक यांपैकी काहीही असू शकते, आणि छातीत दुखत असेल तर हृदयविकाराची शंका आधी घ्यावयास हवी. तिसऱ्यात चिंतेपेक्षा क्षयासारख्या रोगाची तपासणी प्रथम करावी लागते. तिन्हींची नोंद 'घाम येतो' अशी एकाच शब्दांत झाली, तर क्रियापदाने दिलेली माहिती कागदावर उतरण्यापूर्वीच गळून जाते. सोमाटणे-तळेगाव भागातील बोलीच्या ज्या नोंदी विभागाकडे जमा होत आहेत, त्यांत घामाबरोबर येणाऱ्या क्रियापदांची स्वतंत्र पत्रिका ठेवली असून, येणे, सुटणे, फुटणे, गळणे, निथळणे, जिरणे, मरणे एवढी सात क्रियापदे आजवर तीत आली आहेत.